एकेचाळीस जोड

आमच्या साप्ताहिकाचं पान पाच माझं.
शाळा, सत्कार, निधनवार्ता,
हरवलेली मेंढी, सापडलेलं वल्हं.
इथे दक्षिण चिलीत, चिलोएच्या बेटांवर
बातमी भरतीबरोबर येते
आणि पुष्कळदा ओहोटीबरोबर परत जाते,
मी धक्क्यावर पोचायच्या आत.

एकवीस वर्षं झाली.
संपादक लादिस्लाओ म्हणायचे,
लोकांना गहिवरून येऊ दे, हरकत नाही,
पण तीनशे शब्दांत.
मी शिकले.
कुठल्याही शाळेत शिरलं की आधी
गळकं छप्पर शोधायचं,
मग खिडकीपाशी एखादं हडकुळं पोर.
ते नसलंच, तर बाई निवृत्त होतायत का, विचारायचं.

एलिसेओ पाइयाकार मला असाच सापडला.
वय नऊ. केनुई बेट. पटावर सात मुलं.
शाळेच्या लाँचमध्ये दीड तास, जाऊन-येऊन तीन.
फोटोत तो फळीवर बसलाय,
पाय अनवाणी, मागे करडं पाणी,
मांडीवर दप्तर, धाकटं भावंड घ्यावं तसं.
मथळा माझाच होता.
तो इथे सांगणार नाही.

राजधानीच्या पेपरांनी उचलला.
पंधरवड्यात बोटीनं खोकी आली:
बुटांचे एकेचाळीस जोड.
कुणी तेमुकोहून, कुणी थेट कॅनडातून,
एका जोडात चिठ्ठी, "चालत राहा, बाळा."
चालायचं कुठे? सगळा रस्ता पाण्याचा.
सात मुलांना पाच-पाच, उरले सहा,
एवढा एक गणिताचा तास
माझ्या बातमीमुळे झाला.

त्याची आई, एर्मिंदा, कचेरीत आली.
शालीला चुलीचा वास.
बसली नाही. म्हणाली,
"त्याला बूट आहेत. तेव्हाही होते.
लाँचच्या तळाशी पाणी साचतं,
म्हणून पोरं काढून दप्तरात ठेवतात.
विचारलं असतंत
तर त्यानं दाखवले असते."

दुरुस्ती छापली आम्ही.
चार ओळी, पान पाच,
सापडलेल्या वल्ह्याच्या खाली.

तेव्हाची वही अजून आहे माझ्याकडे.
परवा ते पान काढून पाहिलं.
त्यानं मला सांगितलं होतं
की पाण्याच्या रंगावरून त्याला कळतं
खाली किती वाव खोल आहे.
की बाईंना भागाकार येतो, पोहता येत नाही,
म्हणून मुलांनी आपसात ठरवून ठेवलंय
लाँच उलटली तर बाईंना कुणी धरायचं.
डावा हात मोठ्या ग्लादिसकडे,
उजवा त्याच्याकडे.
सगळं उतरवून घेतलं होतं मी, माझ्याच अक्षरात,
आणि समासात लिहिलं होतं:
विषय सोडून.

आता लाँच तोच चालवतो.
मागच्या मंगळवारी गेले होते. पट तीनवर आलाय.
शाळा ठेवायची की मोडायची, ते बघायला
खात्याचा माणूस येणार होता. नाही आला.
मी चढताना एलिसेओ म्हणाला,
"बूट काढून घ्या. खाली पाणी आहे."
काढले. ठेवायचे कुठे, कळेना.
एका मुलीनं काही न बोलता
आपलं दप्तर उघडून पुढे केलं.
नाव विचारलं. ओर्तेन्सिया.
दोनदा विचारलं, स्पेलिंगसाठी.

पाणी घोट्यापर्यंत, बर्फासारखं.
पलीकडे तिघं डोकी जुळवून कुजबुजत होती,
मधूनच माझ्याकडे बघत.
"बाईंना अजून पोहता येत नाही का?" मी विचारलं.
"त्या गेल्या. या नवीन बाईंना येतं," तो म्हणाला,
नजर पाण्यावरच ठेवून.
"पोरांचं चाललंय ते तुमचं.
तुम्हाला कुणी धरायचं, ते."

या आठवड्याचं पान पाच:
केनुईची शाळेची लाँच सोमवारी बंद राहील.
इंजिनाचं काम.
मंगळवारपासून नेहमीच्या वेळी.